डोंगरावरचा संघ आणि पायथ्याचे शेत

बौद्ध लेण्यांविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक विधान हटकून आढळते. जगाचा कोलाहल नकोसा झाल्यामुळे भिक्खूंनी एकांतासाठी डोंगर जवळ केला, असे ते विधान. हिमालयातील बौद्ध जीवनावर लिहिणाऱ्यांचेही असेच एक ठरीव विधान असते. लडाख-तिबेटच्या बर्फाळ उंचीने तेथील माणसास काटक, सोशीक व श्रद्धाळू बनविले, असे ते सांगतात. ही दोन विधाने वरवर निराळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. पहिल्यात माणूस डोंगरात जाऊन समाजाला विसरतो. दुसऱ्यात डोंगर माणसाला घडवितो आणि माणूस केवळ घडविला जातो. दोहोंतही माणसामाणसांतील व्यवहाराला जागा नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी लागणारा पुरावा आमच्या दाराशीच आहे. तो म्हणजे बोरिवलीच्या पूर्वेस असलेला कान्हेरीचा डोंगर.

आरंभीच हे मान्य केले पाहिजे की कान्हेरी हा उंच पर्वत नव्हे. ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ही लेणी आहेत तेथील सर्वांत उंच माथाही समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आतच आहे. लेह शहर सुमारे ३५०० मीटर उंचीवर वसले आहे. तेव्हा उंचीच्या मापाने ही तुलना हास्यास्पद ठरेल. आमची तुलना उंचीची नसून पेचाची आहे. जेथे अन्न पिकत नाही, जेथे पाणी हवे तेव्हा नसते आणि जेथे प्रत्येक वस्तू चढवून न्यावी लागते, तेथे मनुष्यसमूह शतकानुशतके कसा टिकतो, हा तो पेच होय.

शरीराचे उत्तर आणि समाजाचे उत्तर

उंच पर्वतावर राहण्याच्या प्रश्नाला शरीर आपल्या परीने उत्तर देते, यात शंका नाही. लेहच्या उंचीवर हवेच्या प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांशच असतो. मुंबईहून गेलेल्या प्रवाशाला तेथे पहिले एकदोन दिवस पडून राहावे लागते ते यामुळेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी तिबेटी लोकांच्या जनुकांत या विरळ हवेशी जुळवून घेणारा एक विशेष दाखवून दिला. त्यामुळे त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबीन अवाजवी वाढत नाही व रक्त घट्ट होत नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर राहणाऱ्यांच्या शरीराने दुसरा मार्ग धरला; त्यांच्या रक्तात हिमोग्लोबीनचे प्रमाण अधिक असते. एकाच पेचाला दोन भूखंडांवरील शरीरांनी दोन निराळी उत्तरे दिली. डोंगर माणसाला एकाच साच्यात घडवितो, ही समजूत येथेच डळमळू लागते.

पण केवळ रक्ताने कोणी जगत नाही. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पर्जन्य होते. तेथील सातूची शेते पिकतात ती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. ते पाणी यूरा नावाच्या पाटांतून गावात आणले जाते, झिंग नावाच्या तळ्यांत साठविले जाते, आणि कोणाच्या शेताला कोणत्या पाळीने पाणी मिळावे हे ठरविण्यासाठी गाव चुरपोन नावाचा पाणीवाटप करणारा नेमते. डोंगरावरील गोंपांची शेते खालच्या गावातील लोक कसत आले आहेत. १९८७ पासून चेवांग नोरफेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी बांधांमागे गोठवून ठेवण्याचे प्रयोग केले. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच पाणी उंच निमुळत्या आकारात गोठविले. त्या आकारामुळे उन्हाला बर्फाचा पृष्ठभाग कमी मिळतो व ते उशिरा वितळते. त्या बर्फाच्या ढिगाला त्यांनी स्तूप हे नाव दिले. हे सारे श्रद्धाळूपणाचे चमत्कार नव्हेत. ही हिशेबाची, वाटणीची आणि परस्परांवरील विश्वासाची कामे आहेत.

राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले. त्यांच्या प्रवासवर्णनांचे मोल आम्हांस वाटते ते यासाठी की, हस्तलिखितांच्या शोधात असतानाही त्यांची नजर खाणेपिणे, सोबत, ओझे आणि मुक्काम यांवरून हटत नाही. आमच्याकडील बरीच लडाख-वर्णने मात्र निळे आकाश, पताका आणि शांती यांपाशीच थांबतात. त्या शांतीमागे पाण्याची पाळी असते, हे वाचकाला कळतच नाही.

भूमीप्रमाणे विनय

येथे कोणी म्हणेल की, गावाचे ठीक, पण भिक्खूचा मार्ग तर सर्वसंगत्यागाचा. त्यास व्यवहाराशी काय कर्तव्य? या आक्षेपाचे उत्तर विनयपिटकातच आहे आणि ते फारसे वाचले जात नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

महावग्गाच्या चीवरक्खंधकातील प्रसंग पाहावा. भिक्खू चीवरांची ओझी वाहून नेत आहेत हे तथागतांनी पाहिले. किती वस्त्रे पुरेत, हे ठरविण्यासाठी त्यांनी केवळ उपदेश केला नाही. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ ऐन हिमपाताच्या दिवसांत ते रात्री उघड्यावर बसले. आरंभी एक वस्त्र पुरले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली तेव्हा दुसरे, मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि पहाटेच्या सुमारास चौथे वस्त्र त्यांनी घेतले. चार पदरांत रात्र निभावली. म्हणून दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक अशी तीन चीवरे त्यांनी अनुज्ञात केली. दोन, एक आणि एक मिळून चारच पदर होतात. त्रिचीवराचा नियम हा असा स्वतःच्या देहावर घेतलेल्या प्रयोगातून निघाला आहे.

दुसरा प्रसंग आमच्या प्रदेशाच्या अधिक जवळचा आहे. महाकच्चान स्थविर अवंती देशात कुररघर येथील पपात पर्वतावर राहत होते. सोण कुटिकण्ण या त्यांच्या उपासकास उपसंपदा हवी होती. पण त्या दूरच्या मुलखात दहा भिक्खू जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण श्रावस्तीस जाण्यास निघाला तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर तथागतांकडे काही मागण्या पाठविल्या. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे आहेत. तेथील जमीन काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात. तेथे मेंढी, शेळी व हरिण यांच्या कातड्यांची अंथरुणे वापरतात. तथागतांनी या मागण्या मान्य केल्या. सीमेवरील प्रदेशांत पाच भिक्खूंच्या गणाने उपसंपदा देता येईल, अनेकपदरी उपाहना वापरता येतील, वरचेवर स्नान करता येईल, कातडी अंथरता येतील, असे ठरले.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ पादत्राणांपुरते नाही. मध्यदेशात केलेला नियम दक्षिणेच्या दगडाधोंड्यांत पायास रुतत असेल तर पाय कापावा की नियम सैल करावा, हा प्रश्न संघापुढे होता, आणि तथागतांनी पायाच्या बाजूने कौल दिला. पुढे हिमालयापलीकडील भिक्खूंनी लोकरीची जाड प्रावरणे व बूट वापरले त्यास कोणी भ्रष्टता म्हणत असेल, तर त्याने हा खंधक पुन्हा वाचावा.

कान्हेरीचे पाणी

आता कान्हेरीकडे वळू. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास खोदकामास सुरुवात होऊन सुमारे हजार वर्षे हा डोंगर नांदता राहिला. येथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल किंवा कृष्णगिरी असे येते. येथील पेच लडाखच्या अगदी उलट आहे. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने डोंगरावरचे ओढे आटतात. तेथे पाणी बर्फात अडकलेले असते, तर येथे ते वाहून जाते. दोन्हीकडे प्रश्न साठवणीचाच आहे.

कान्हेरीच्या शिल्पींनी त्याचे उत्तर कातळात कोरले. बहुतेक विहारांची रचना एकसारखी आहे. पुढे अंगण, चार पायऱ्या चढून ओसरी, आत दालन व दगडी ओट्याची कोठी, आणि अंगणाच्या एका बाजूस कातळात खोल खोदलेले टाके. या टाक्याला शिलालेखांत पोढी म्हटले आहे. माथ्यावरच्या कातळात काढलेल्या पन्हळी पावसाचे पाणी या टाक्यांकडे वळवितात. पाणी वाहून आणण्याची गरज पडू नये म्हणून प्रत्येक राहत्या घराशेजारी पाणी, ही येथील योजना होती. २०१७ च्या सुमारास विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील डॉ. सूरज पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली याच वनात आणखी काही लहान लेणी उजेडात आली. त्यांत अशी टाकी नाहीत, आणि ती कान्हेरीहून जुनी असावीत असे अनुमान त्यावरून करण्यात आले. हे अनुमान ग्राह्य धरले तर त्याचा अर्थ मोठा आहे. पावसाळ्यापुरता निवारा आणि बारमाही वस्ती यांतील फरक टाक्याने केला. वर्षावासासाठी आलेला भिक्खू पाऊस सरल्यावर चारिकेस निघून जाई. पोढी झाल्यावर संघ उन्हाळ्यातही डोंगरावर राहू शकला.

या टाक्यांची प्रतिष्ठा किती होती याची साक्ष एका लेखात सापडते. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची कन्या होती, ही इतिहासकारांना अत्यंत महत्त्वाची वाटणारी माहिती कान्हेरीच्या एका लेखातून मिळते. सातवाहन आणि क्षत्रप या दोन झगडणाऱ्या घराण्यांतील सोयरीक त्यावरून कळते. पण हा लेख कशाचा आहे? तो सतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पानीयभाजनाचा, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा आहे. इतिहासाच्या पुस्तकांनी राजकुळांची सोयरीक उचलली आणि टाके मागे ठेवले.

लेख वाचण्याच्या तीन रीती

हे मागे पडणे योगायोगाचे नाही. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० साली आला. त्याने लेण्यांचा क्रम स्थापत्याच्या घडणीवरून लावला, आणि आमच्याकडील लेखनाने पुढे शंभर वर्षे तीच वाट मळविली. चैत्याची लांबी, स्तंभांची संख्या, हीनयान की महायान, यांपलीकडे फारसे कोणी गेले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या रीतीला मोठा धक्का दिला. लेणी घाटवाटांच्या व व्यापारी मार्गांच्या कडेने का आहेत, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि एकांताची कल्पना खिळखिळी केली. सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांच्या मध्ये कान्हेरी आहे हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या म्हणण्याचा जोर कळतो. तथापि, कोसंबींच्या मागून आलेल्या काही लेखकांनी भिक्खुसंघाला जणू व्यापाऱ्यांची पेढीच बनवून टाकले. आम्हांस हे टोक मान्य नाही. व्यापारी दान देत होते हे खरे. पण त्या दानाने डोंगरावर रोजचे जीवन कसे चालले, हे त्यातून उलगडत नाही.

त्यासाठी लेखच वाचावे लागतात. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांचा संग्रह १९९१ साली डेक्कन कॉलेजने छापला. तो नीट चाळला म्हणजे डोंगराचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. लेणे आणि पोढी यांचे दान जोडीने येते. वर्षावासास राहणाऱ्या भिक्खूला चीवरासाठी ठरावीक कार्षापण मिळावेत म्हणून अक्षयनीवी ठेवलेली आढळते. मुद्दल तसेच राखून उत्पन्न खर्चावे, अशी ही व्यवस्था. कल्याणच्या एका लोहाराने वाटेचे दान दिले आहे. नवव्या शतकातील शिलाहार-राष्ट्रकूट काळच्या लेखांत डागडुजी, चीवरे व ग्रंथ यांसाठी द्रम्म ठेवले आहेत, आणि दात्यांत दूरच्या गौड देशाचा एक उपासकही आहे.

या सर्वांत आम्हांस अधिक बोलकी वाटते ती एका शेताची नोंद. मंगलठाण गावातील एक शेत कान्हेरीच्या संघाला दिल्याचे एक लेख सांगतो. हे मंगलठाण म्हणजे बोरिवलीतील मागाठाणे होय, असे अभ्यासक मानतात. डोंगरावर ध्यान करणाऱ्या भिक्खूच्या अंगावरचे चीवर खालच्या सपाटीवरील शेताच्या उत्पन्नातून येत होते. लडाखच्या गोंपाचे शेत खालचे गाव कसते, तसेच हे. डोंगर एकटा जगत नाही. वरच्या माणसाचे पाणी कातळात असते, पण त्याचा घास पायथ्याशी पिकतो. हीच आमच्या मते पर्वतावरील मानवी जीवनाची खरी रीत होय, आणि एकांताच्या सिद्धांताला कान्हेरीने दिलेले हेच उत्तर होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या आरंभी भिक्खूविषयी जो प्रश्न उपस्थित केला तो वाचकांस ठाऊकच आहे. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष व्हावा, की समाजाचा सेवक? कान्हेरीचे लेख या प्रश्नाची एक बाजू उजळतात. पाणी कोणी दिले, वाट कोणी केली, शेत कोणी सोडले, हे रोज उंबऱ्यावर कोरलेले पाहणाऱ्या भिक्खूला आपण समाजापासून अलग आहोत असे मानता येणे कठीण होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

आमच्या या प्रतिपादनाचा गैरवापर होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. १०४२ साली तिबेटात गेलेले आचार्य अतिश यांनी तरुणपणी कृष्णगिरी येथे अध्ययन केल्याचे तिबेटी परंपरा सांगते. हा कृष्णगिरी म्हणजे आपली कान्हेरीच, असे काही लेखक ठामपणे लिहितात. त्यावरून कान्हेरी हीच तिबेटी धम्माची जननी, इथवर मजल जाते. नावाच्या साम्याखेरीज या मताला भक्कम आधार नाही, आणि इतर अभ्यासक तो कृष्णगिरी मगधात शोधतात. कान्हेरीची थोरवी अशा उसन्या वंशावळीवर अवलंबून नाही. हिमालयाशी तिचे नाते पेचाच्या साम्याचे आहे, आणि ते पुराव्याने दाखविता येते.

दुसरी गोष्ट अशी की, ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. लेखांत दात्यांची नावे भरभरून आहेत. चैत्यगृहाच्या लेखात शिल्पकारांचा, सेलवढकींचा उल्लेख येतो हे त्याचे मोठेपण. पण एकंदरीत कातळ फोडणाऱ्या हातांची नावे थोडीच उरली. मंगलठाणचे शेत ज्याने कसले त्याचे नाव तर कोणीच कोरले नाही. गोंपांच्या शेतांवर राबणाऱ्यांविषयीही हाच प्रश्न विचारता येतो. डोंगरावरच्या संघाचा गौरव करताना पायथ्याच्या श्रमाचा विसर पडला तर आम्हीही त्याच जुन्या चुकीत सापडू.

आजचा डोंगर

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नाही. मुंबईला पहिले नळाचे पाणी मिळाले ते याच डोंगररांगांतून. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. जो पाऊस कान्हेरीच्या पोढ्या भरीत होता त्याच पावसावर आधुनिक शहराने आपली तहान भागविली. आणि आज? घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड येथील डोंगरउतारांवर कष्टकरी माणसांच्या वस्त्या चढत गेल्या आहेत. त्यांत आमचे बांधव मोठ्या संख्येने आहेत. खालून वर हंडे चढविणाऱ्या बायामुली तेथे नव्या नाहीत. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून अनेक जीव गेले. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळी येथे तसेच घडले. राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली, महादेव कोळी कुटुंबांनाही पाणी व रस्ता यांसाठी झगडावे लागले आहे.

या माणसांना डोंगर काटक बनवितो असे म्हणून समाधान मानणे म्हणजे त्यांच्या हालांना सद्गुणाचे नाव देणे होय. दोन हजार वर्षांपूर्वी याच बेटावर डोंगरावर राहणाऱ्याच्या अंगणात आधी पाणी आणि पायाखाली आधी वाट असावी, हे समाजाला कळत होते. राणीच्या अमात्यापासून कल्याणच्या लोहारापर्यंत साऱ्यांना ते कळत होते. आजच्या उतारावरील वस्तीत वाट, पाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या गोष्टी सर्वांत शेवटी येतात. आम्हांस हा फरक तंत्राचा वाटत नाही. डोंगरावर राहणारा आपला आहे की परका, या प्रश्नाच्या उत्तरातला तो फरक आहे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. बुद्धपौर्णिमेस किंवा वर्षावासाच्या काळात विहारांतून कान्हेरीस सहली निघतात. त्या सहलींनी आधी मागाठाण्यास थांबावे. तेथील लहान लेणी आज घरांच्या दाटीत दुरवस्थेत आहेत. ती पाहावीत, आणि येथील शेताच्या उत्पन्नावर वरच्या डोंगरात कोणी चीवर पांघरले हे मुलांना सांगावे. मग वर चढून चैत्यगृहातील वंदना झाल्यावर, मूर्तींच्या छायाचित्रांआधी एखाद्या पोढीत वाकून पाहावे. पाऊस बरा झाला असेल तर तिच्यात आजही पाणी असते.